नावाचा हट्ट

शेजारच्या मुलाकडची गेमची तबकडी आपल्या घरातल्या यंत्रात चालत नाही, हे ज्ञान आईबापांना बहुतेक वेळा यंत्र विकत घेऊन झाल्यावरच होते. सोनीचे प्लेस्टेशन वेगळे, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वेगळा, निन्टेन्डोचा स्विच आणखीनच वेगळा. दिवाळीचा बोनस आणि मुलाचा हट्ट यांचा कसाबसा मेळ घालून बसलेला बाप मग साधासाच प्रश्न विचारतो. हे तिघे एकत्र बसून एकच यंत्र का बनवत नाहीत? बल्ब कोणत्याही कंपनीचा आणला तरी आपल्या होल्डरमध्ये बसतो. मग इथेच कुठे अडते?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. गेल्या शतकातल्या एका मोठ्या जपानी उद्योगपतीच्या आयुष्यात तो वेगवेगळी रूपे घेऊन पुन:पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला. कधी त्याने प्रतिस्पर्ध्याचा हात धरला आणि जगभर आपली वस्तू पोहोचवली. कधी हात पुढे केला, पण तो धरायला कोणी आले नाही, आणि उत्तम यंत्र हातात असूनही तो हरला. प्लेस्टेशनचा जन्मही अशाच एका मोडलेल्या सोयरिकीतून झाला, आणि तो होत असताना हा माणूस आजारपणात अडकून पडला होता. सोनी कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांची ही गोष्ट.

मोरिता यांचा जन्म २६ जानेवारी १९२१ चा, नागोया शहरातला. घराणे मूळचे जवळच्या कोसुगाया गावचे. तांदळापासून साके नावाचे मद्य गाळण्याचा धंदा तिथे शतकानुशतके चालत आलेला. अकिओ हे थोरले चिरंजीव, म्हणजे पंधराव्या पिढीचे वारस. आपल्याकडे पेढीवरच्या शेटजींनी लहानग्या मुलाला गादीवर शेजारी बसवावे, तसे वडील या मुलाला कंपनीच्या बैठकांना नेऊन बसवत. शाळकरी वयातच हिशेब, मालाची तपासणी आणि नोकरांशी कसे बोलायचे याचे धडे सुरू झाले होते. घराण्याच्या साकेला स्वत:चे नाव होते, नेनोहिमात्सु. ते नाव जपायचे हा त्या घरातला पहिला संस्कार. पुढची सगळी कथा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पण मुलाचे मन साकेच्या पिंपांत रमेना. आईला पाश्चात्त्य संगीताची आवड होती आणि तिच्यामुळे घरात ग्रामोफोन वाजत असे. पुढे वडिलांनी विजेवर चालणारा नवा ग्रामोफोन आणला. त्याचा सुधारलेला आवाज ऐकून मुलगा इतका चक्रावला की असा आवाज निघतो कसा याच विचाराने त्याला झपाटले. रेडिओची मासिके, तारा, डाग देण्याचे सामान यांत अभ्यास मागे पडला. शेवटी पदार्थविज्ञान घेऊन तो ओसाकाच्या विद्यापीठात शिकला, १९४४ मध्ये पदवीधर झाला आणि युद्धाच्या धामधुमीत नौदलात अधिकारी म्हणून दाखल झाला. तिथे शस्त्रसंशोधनाच्या एका समितीत त्याची गाठ पडली मासारू इबुका यांच्याशी. इबुका वयाने तेरा वर्षांनी मोठे, अस्सल इंजिनीअर आणि डोक्यात सदैव काहीतरी नवे घोळत असलेले गृहस्थ. ही मैत्री पन्नास वर्षांहून अधिक टिकली.

युद्ध संपले. टोकियोची राखरांगोळी झाली होती. तिथल्या एका पोळलेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत इबुका यांनी छोटेसे दुकान थाटल्याचे मोरिता यांनी वर्तमानपत्रात वाचले आणि ते तडक त्यांना जाऊन मिळाले. अडचण एकच होती, थोरला मुलगा घरचा धंदा सोडून कसा जाणार? तेव्हा इबुका आपल्या सासऱ्यांना, माएदा तामोन यांना, बरोबर घेऊन कोसुगायाला गेले आणि त्यांनी मोरिता यांच्या वडिलांकडे मुलाला रीतसर मागून घेतले. मागणी घालायला जावे तसाच तो प्रसंग! वडिलांनी फार खळखळ केली नाही. धंदा धाकट्या मुलाकडे जाईल, थोरल्याला मनासारखे करू द्या, असे त्यांनी ठरवले. पुढे वेळोवेळी पैसेही दिले. ७ मे १९४६ रोजी १ लाख ९० हजार येन भांडवलावर आणि विसेक माणसांच्या बळावर कंपनी उभी राहिली. मोरिता तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

सुरुवातीची धडपड मजेदार आहे. भात शिजवणारे विजेचे भांडे करून पाहिले. भात कधी करपायचा, कधी कच्चा राहायचा. १९५० मध्ये जपानमधला पहिला टेपरेकॉर्डर तयार केला, पण तो घ्यायला कोणी येईना. यंत्र उत्तम असले की ते आपोआप खपते, ही समजूत मोरिता यांनी तेव्हा सोडली आणि ते विक्रीकडे वळले. न्यायालयांत लघुलेखकांची टंचाई आहे हे त्यांनी हेरले आणि सर्वोच्च न्यायालयाला वीस यंत्रे विकली. यंत्र करायचे इबुका यांनी आणि ते कोणाला, कशासाठी हवे आहे हे शोधायचे मोरिता यांनी, अशी वाटणी जणू तेव्हापासूनच ठरली.

१९५३ मध्ये मोरिता पहिल्यांदा परदेशी गेले. अमेरिकेचा अवाढव्य पसारा पाहून त्यांचे मन खचले. जर्मनीत आइस्क्रीमवर खोचलेली कागदी छत्री जपानमध्ये बनलेली आहे हे कळल्यावर तर ते अधिकच खट्टू झाले. आपल्या देशाची जगात ओळख ती एवढीच! पुढे हॉलंडमध्ये आइंडहोवन या लहानशा गावी फिलिप्सचा कारखाना त्यांनी पाहिला आणि त्यांना धीर आला. शेतीवाडीच्या चिमुकल्या देशातली, आडगावातली कंपनी जर जगभर माल विकू शकते, तर आपण का नाही? या फिलिप्सशी सोनीचे नाते पुढे कधी गळ्यात गळा घालण्याचे, तर कधी तोंडे फिरवण्याचे राहिले.

ट्रान्झिस्टरचे हक्क अमेरिकेतून मिळवून कंपनीने १९५५ मध्ये छोटा रेडिओ काढला. तो घेऊन मोरिता न्यूयॉर्कला गेले. घड्याळे बनवणाऱ्या बुलोव्हा या बड्या कंपनीने एकदम एक लाख रेडिओंची मागणी नोंदवली. कंपनीच्या साऱ्या भांडवलापेक्षा ही ऑर्डर मोठी होती. अट एकच, रेडिओवर बुलोव्हाचे नाव हवे. टोकियोहून तार आली की ऑर्डर घ्या. मोरिता यांनी ती नाकारली. सोनी हे नाव तेव्हा जन्माला येऊन पुरते वर्षही झाले नव्हते, ते अमेरिकेत कोणाला ठाऊकही नव्हते. पण दुसऱ्याच्या नावाने माल विकला तर आपण जन्मभर दुसऱ्याचे कारागीर राहू, असा त्यांचा हिशेब. आपल्या आयुष्यातला हा सर्वांत चांगला निर्णय, असे ते पुढे मानत. साकेच्या घराण्यातला वारस इथे बोलत होता असे मला वाटते. १९५८ मध्ये तर कंपनीनेच आपले लांबलचक जपानी नाव टाकून सोनी हे नाव घेतले. १९६३ मध्ये मोरिता बायकामुलांसह न्यूयॉर्कला राहायलाच गेले, कारण ज्याला माल विकायचा त्याच्या शेजारी राहिल्याशिवाय त्याचे घर कळत नाही.

या हट्टी माणसाने वाटून खाण्याचे व्यवहारही तितक्याच समजुतीने केले. फिलिप्सने १९६३ मध्ये छोटी कॅसेट काढली. आपल्या घरोघरी ज्या कॅसेटवर भीमसेन जोशींपासून भावगीतांपर्यंत सारे वाजले तीच ही. ती सगळ्यांना फुकट वापरू द्यावी म्हणून सोनीचे नोरिओ ओगा यांनी फिलिप्सशी घासाघीस केली आणि फिलिप्सने अखेर ते मान्य केले. कॅसेट जगभर एकच झाली. वाजवायचे यंत्र प्रत्येकाने आपापले करावे. त्या एका सामाईक कॅसेटच्या जिवावर सोनीने १९७९ मध्ये वॉकमन काढला आणि तो कोणाचा, हे कोणाला विचारावे लागले नाही. हाच प्रकार व्हिडिओतही झाला. १९७० मध्ये सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या तीन कंपन्यांनी एकाच मापाची व्हिडिओ कॅसेट वापरण्याचे ठरवले, एकमेकांचे पेटंट एकमेकांना खुले केले आणि पुढल्या वर्षी यू-मॅटिक यंत्र बाजारात आले. ते जड आणि महाग असल्याने घरांत शिरले नाही, पण टेलिव्हिजन केंद्रांत मात्र चांगले रुळले.

सोयरीक अशी जुळलेली असताना ती मोडली कशी? सोनीच्या इंजिनीअरांनी घरगुती वापरासाठी खिशातल्या पुस्तकाएवढी सुबक कॅसेट तयार केली, तिचे नाव बीटामॅक्स. १९७४ मध्ये सोनीने ती मात्सुशिता आणि जेव्हीसीला दाखवली आणि यू-मॅटिकप्रमाणे याही वेळी एकत्र येऊ, असा प्रस्ताव ठेवला. पण तोपर्यंत सोनीची उत्पादनाची तयारी पूर्ण होत आली होती. यंत्राचा नकाशा पक्का झाला होता आणि त्यात दुसऱ्याने एक रेघही बदलायला जागा नव्हती. लग्नाची तारीख, कार्यालय आणि जेवणाचा बेत ठरवून झाल्यावर मुलीकडच्यांचे मत विचारावे तसेच हे. त्यात जेव्हीसीचे इंजिनीअर स्वत:चे वेगळे यंत्र गुपचूप बनवत होते. पाहुण्यांनी यंत्र पाहिले, चहा घेतला आणि उत्तर दिले नाही.

मे १९७५ मध्ये बीटामॅक्स एकट्यानेच बाजारात उतरला. चित्र सुरेख, यंत्र भक्कम. मात्र कॅसेटवर एकच तास मुद्रण होई. १९७६ मध्ये जेव्हीसीने व्हीएचएस आणला. कॅसेट थोडी मोठी, चित्र फार तर उन्नीस-बीस, पण मुद्रण दोन तासांचे. एक संपूर्ण हॉलिवूडपट एका कॅसेटवर मावू लागला. जपान सरकारच्या उद्योग खात्याने दोघांना एकाच पद्धतीवर आणण्याची खटपट केली. मोरिता यांनी मात्सुशिता उद्योगसमूहाचे वृद्ध संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांना गळ घातली. जेव्हीसी ही मात्सुशितांच्याच समूहातली कंपनी, त्यामुळे त्यांचा शब्द निर्णायक ठरणार होता. त्यांनी दोन्ही यंत्रे उघडून पाहिली. व्हीएचएसमध्ये सुटे भाग कमी आहेत, ते स्वस्तात करता येईल, असा त्यांचा दुकानदारी कौल पडला. सायकलच्या दुकानात उमेदवारी करून मोठा झालेला तो माणूस. किमतीचा हिशेब त्याला मोरितांपेक्षा लवकर सुचला, यात नवल नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे, पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बीटामॅक्स हरला तो केवळ एक तास कमी पडला म्हणून नव्हे. तो तास सोनीने लवकरच भरून काढला होता. जेव्हीसीने आपली पद्धत ज्याला त्याला मोकळ्या हाताने दिली. अमेरिकेतल्या आरसीएने फुटबॉलचा सामना मावेल इतके लांब मुद्रण मागितले, तर मात्सुशिताने चार तासांचे यंत्र करून दिले आणि त्यावर आरसीएचे नाव लावून दिले. हिताची, शार्प, मित्सुबिशी एकेक करून तिकडे गेले. सोनीकडे तोशिबा, सान्यो अशी मंडळी होतीच, नाही असे नाही. पण बुलोव्हाला नकार देऊन मोठी झालेली कंपनी दुसऱ्याच्या नावाचे यंत्र करून द्यायला मनापासून तयार नव्हती. ज्या हट्टाने नाव मिळवून दिले, त्याच हट्टाने बाजार घालवला.

आणि दैवाचा खेळ कसा पाहा. घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम मुद्रित करणे ही चोरी आहे, असे म्हणत युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रसंस्थांनी १९७६ मध्ये दावा लावला तो सोनीवर. तो सोनीने सुमारे आठ वर्षे लढवला. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने कौल दिला. वकिलांची बिले सोनीने भरली. मोकळ्या झालेल्या बाजारात व्हीएचएस सुखाने नांदू लागला. आपल्याकडेही त्या वर्षांत गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या रात्री व्हीसीआर भाड्याने आणून चाळभर एकापाठोपाठ तीन सिनेमे पाहिले जात. कोपऱ्यावरच्या कॅसेट लायब्ररीत जी काळी, जाडजूड कॅसेट मिळे ती व्हीएचएसच असे. १९८८ मध्ये सोनीने स्वत:च व्हीएचएस यंत्रे करायला घेतली. पराभव मान्य करण्याची यापेक्षा स्पष्ट रीत नाही.

या दोन घटनांच्या मधोमध कॉम्पॅक्ट डिस्कचे प्रकरण येते. सोनीत याही वेळी आपले एकट्याचे यंत्र करता आले असते. पण १९७९ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांचे इंजिनीअर आळीपाळीने आइंडहोवन आणि टोकियोत बसले आणि त्यांनी प्रत्येक मुद्द्यावर घासाघीस केली. फिलिप्सला तबकडी साडेअकरा सेंटिमीटरची हवी होती, ठरली बारा सेंटिमीटरची. फिलिप्सचा आग्रह चौदा बिटांचा, ठरले सोनीच्या मनासारखे सोळा बिट. प्रकाशकिरणाने तबकडी वाचण्याचे मूळ तंत्र मात्र फिलिप्सचे. बेथोव्हेनची नववी सिंफनी एका तबकडीत मावावी म्हणून चौऱ्याहत्तर मिनिटे ठरली, अशी कथा सांगतात. ती पूर्ण खरी असो वा नसो, संगीताचे शिक्षण घेतलेल्या ओगांना ती शोभते खरी. १९८१ मध्ये साल्झबर्गला जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक कारायान यांच्या शेजारी बसून मोरितांनी ही तबकडी पत्रकारांना दाखवली. पुढल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती जपानच्या दुकानांत आली. दोन्ही बाजूंनी काही सोडले, काही मिळवले. नकाशा दोघांनी मिळून काढला. बीटामॅक्सच्या वेळी जे झाले नाही ते इथे झाले.

बीटामॅक्सपासून मोरितांनी आणखी एक धडा घेतला. यंत्रापेक्षा त्यात घालायचा माल महत्त्वाचा. दुकानात सिनेमे ज्या पद्धतीचे, गिऱ्हाईक त्या पद्धतीचे. म्हणून जानेवारी १९८८ मध्ये सोनीने दोनशे कोटी डॉलर देऊन सीबीएसची ध्वनिमुद्रण कंपनी घेतली आणि १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स ही चित्रसंस्था. अमेरिकेत केवढा गहजब झाला! देशाचा आत्मा जपान्यांनी विकत घेतला इथपर्यंत मजल गेली. कोलंबियासाठी मोजलेली किंमत फार जास्त होती, आणि सोनीला पुढे त्या सौद्यात मोठा तोटाही सोसावा लागला, हे खरे आहे. पण दिशा चुकली असे म्हणवत नाही.

आता गेमच्या यंत्रांकडे येऊ. १९८३ च्या जून महिन्यात जपानमध्ये नेमके तेच घडले होते जे आपला तो दिवाळीच्या बोनसचा बाप मागतो आहे. सोनी, मात्सुशिता आणि इतर अनेक कंपन्यांनी एमएसएक्स नावाच्या एका सामाईक घरगुती संगणकाचा करार केला. बीटामॅक्सवरून एकमेकांच्या उरावर बसलेले दोघे इथे एका पंगतीला! कोणाचेही यंत्र घ्या, गेमची कॅसेट एकच. आणि पुढच्याच महिन्यात, १५ जुलैला, क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने आपला फॅमिकॉम विकायला काढला. पत्ते बनवणारी ही १८८९ सालची कंपनी. तिचे प्रमुख हिरोशी यामाऊची यांनी घरचा धंदा चालवण्यासाठी विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडले होते. मोरिता वारसा सोडून निघाले, यामाऊचींनी तो उचलला. फॅमिकॉमची किंमत होती १४,८०० येन. एमएसएक्स जपानमध्ये बऱ्यापैकी खपला, हॉलंड आणि ब्राझीलमध्येही लोकप्रिय झाला. पण खेळाच्या बाजारात सगळ्यांच्या पंगतीला एकट्या फॅमिकॉमने धूळ चारली. आपल्याकडे नव्वदीत टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम गल्लोगल्ली दिसत, त्यांतले बरेचसे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.

असे का व्हावे? कॅसेट किंवा तबकडी हा रस्ता असतो. रस्ता सगळ्यांचा एक असला की प्रत्येक जण आपापली गाडी विकून पैसे मिळवतो. गेमच्या धंद्यात यंत्र म्हणजे दुकानाचा गाळा. निन्टेन्डो यंत्र कमी नफ्यात विकणार आणि त्यात चालणाऱ्या प्रत्येक खेळामागे खेळ लिहिणाऱ्या कंपनीकडून भाडे घेणार. गाळा सामाईक केला तर भाडे कोणी घ्यायचे? आणि भाडे नसेल तर यंत्र स्वस्तात कोण देणार? याचा पुरावा दहा वर्षांनी आणखी एकदा मिळाला. अमेरिकेतल्या ट्रिप हॉकिन्स यांनी थ्रीडीओ नावाचे एकच यंत्र आखले आणि ते बनवण्याचा परवाना अनेक कंपन्यांना दिला. मात्सुशिताने ते ऑक्टोबर १९९३ मध्ये पॅनासॉनिकच्या नावाने बाजारात आणले. कारखानदारांना नफा यंत्रावरच काढायचा होता, म्हणून किंमत गेली सातशे डॉलरच्या घरात. निन्टेन्डो आणि सेगा यांची यंत्रे त्याहून कितीतरी स्वस्त मिळत होती. तीनेक वर्षांत थ्रीडीओचा गाशा गुंडाळला गेला.

सोनीचे इंजिनीअर केन कुतारागी यांनी निन्टेन्डोच्या नव्या यंत्रासाठी आवाजाची चिप बनवून दिली होती. त्यातून १९८८ मध्ये दोन्ही कंपन्यांचा करार झाला. निन्टेन्डोच्या यंत्राला सोनी सीडी जोडून देणार होती. सोनीची धुरा तेव्हा ओगांकडे होती, मोरिता अध्यक्ष होते. पण करारात सीडीवरच्या खेळांचे भाडे सोनीच्या हाती राहणार होते. म्हणजे यामाऊचींच्या गाळ्याची किल्ली सोनीकडे! हे निन्टेन्डोला पचणे शक्यच नव्हते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने प्ले स्टेशन नावाच्या यंत्राची घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने जाहीर केले की आपण सीडीसाठी फिलिप्सबरोबर जात आहोत. ज्या फिलिप्सबरोबर सोनीने सीडी घडवली तीच ही फिलिप्स. भर मांडवात नवरदेवाने दुसरीला माळ घालावी असा तो प्रकार. ओगा संतापले. निन्टेन्डो आणि फिलिप्स यांचे ते यंत्र पुढे कधी आलेच नाही, पण सोनीची नाचक्की व्हायची ती झाली.

सोनीतल्या अनेक वरिष्ठांना हे निमित्त बरेच वाटले. खेळणी बनवणे आपल्याला शोभत नाही, हे खूळ इथेच सोडावे, असे त्यांचे मत. कुतारागींनी जून १९९२ मध्ये स्वतंत्र यंत्राचा आग्रह धरला आणि ओगांनी तो उचलून धरला. कुतारागींना त्यांनी विरोधकांपासून दूर, सोनीच्या संगीत कंपनीच्या छायेत नेऊन ठेवले. ही संगीत कंपनी म्हणजे १९६८ मध्ये मोरितांनी अमेरिकेच्या सीबीएसशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत उभारलेली संस्था. कलावंतांना सांभाळायचे कसे, तबकड्या छापून झटपट दुकानांत पोहोचवायच्या कशा, हे तिथल्या माणसांना ठाऊक होते. खेळ लिहिणाऱ्यांना त्यांनी गायकांसारखेच वागवले. नोव्हेंबर १९९३ मध्ये सोनी आणि ही संगीत कंपनी यांनी मिळून गेमसाठी स्वतंत्र कंपनी काढली.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला मोरिता टेनिस खेळताना कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जपानी उद्योगांच्या सर्वोच्च महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे येणार, असे तेव्हा सगळे धरून चालले होते. वयाची साठी उलटल्यावर पाणबुडी-पोहणे शिकलेला, पहाटे टेनिस खेळून कामाला लागणारा हा माणूस चाकांच्या खुर्चीत बसला आणि त्याची वाणीही गेली. पत्नी योशिको त्यांना उपचारांसाठी हवाईला घेऊन गेल्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये त्यांनी सोनीचे अध्यक्षपद सोडले. ३ डिसेंबर १९९४ रोजी ३९,८०० येन किमतीचे प्लेस्टेशन जपानमध्ये विक्रीला आले. पुढे त्याची दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. सेगाने २००१ मध्ये यंत्रे बनवणेच सोडून दिले. मोरितांचा नावाचा हट्ट आणि त्यांनी ओळखलेले मालाचे महत्त्व या दोन्ही गोष्टी या यंत्रात एकत्र आल्या होत्या, पण प्लेस्टेशनच्या यशात त्यांना किती रस घेता आला असेल, कोण जाणे.

इबुकाही १९९२ पासून आजारी होते. दोघे मित्र शेवटच्या काळात चाकांच्या खुर्च्या शेजारी शेजारी लावून, हातात हात घेऊन न बोलता बसत, असे त्यांच्या घरच्यांनी सांगून ठेवले आहे. इबुका डिसेंबर १९९७ मध्ये गेले. ३ ऑक्टोबर १९९९ रोजी टोकियोत मोरितांचे निधन झाले, वय अठ्ठ्याहत्तर.

मधल्या काळात सोनीने आणखी एकदा भांडून तडजोड केली. सिनेमाच्या नव्या तबकडीसाठी १९९५ मध्ये एका बाजूला सोनी-फिलिप्स आणि दुसऱ्या बाजूला तोशिबा-मात्सुशिता असे दोन तट पडले होते. संगणक कंपन्यांनी दम भरला की एकच तबकडी करा, नाहीतर आम्ही दोन्ही घेत नाही. त्यातून डीव्हीडी निघाली. ती वाजवणारे प्लेस्टेशन-२ मोरितांच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी आले. मे २०१९ मध्ये तर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन प्रतिस्पर्ध्यांनी इंटरनेटवरून खेळ पुरवण्याच्या तंत्रात सहकार्य करण्याचे ठरवले. रस्ता पुन्हा सामाईक होऊ पाहतो आहे. गाळे मात्र अजून वेगवेगळे आहेत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या त्या बापाला आणखी बरीच वर्षे दुकानात नीट चौकशी करूनच यंत्र घ्यावे लागेल.

बीटामॅक्सची यंत्रे बनवणे सोनीने २००२ मध्ये थांबवले. त्याच्या कोऱ्या कॅसेटी मात्र ती कंपनी मार्च २०१६ पर्यंत विकत होती.